शर्मन दांपत्याचा खून : टोरांटोतील एका तपासाचे पहिले सहा आठवडे

१५ डिसेंबर २०१७ रोजी, शुक्रवारी, टोरांटोच्या नॉर्थ यॉर्क भागातील ५०, ओल्ड कॉलनी रोड या बंगल्यात इस्टेट एजंट घर पाहायला आलेल्या गिऱ्हाइकांना खोल्या दाखवत होते. बंगला विक्रीला काढलेला होता आणि त्याची किंमत सुमारे ७० लाख कॅनेडियन डॉलर सांगितली जात होती. मंडळी तळघरातल्या पोहण्याच्या तलावाकडे वळली, तेव्हा तलावाच्या कडेला घराचे मालक बॅरी शर्मन आणि त्यांच्या पत्नी हनी मृतावस्थेत आढळले. बॅरी ७५ वर्षांचे होते, हनी ७० वर्षांच्या. दोघांच्या गळ्याभोवती कमरेचे पट्टे होते, ते तलावालगतच्या बुटक्या कठड्याला बांधलेले होते आणि दोन्ही देह जवळजवळ बसल्या अवस्थेत होते. या घटनेला आता अनेक वर्षे उलटली, कॅनडाच्या इतिहासातले सर्वांत मोठे म्हणावे असे बक्षीस जाहीर झाले, देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्यातला एक वाद गेला. तरी खुनी कोण, हे न्यायालयात सिद्ध होणे दूरच, कोणावर आरोपही ठेवला गेलेला नाही.

न उलगडलेल्या खुनांवर लिहिताना संशयितांची यादी मांडून वाचकाला निवड करायला सांगण्याची एक रूढ पद्धत आहे. या प्रकरणात तसे करणे मला गैर वाटते, कारण ज्यांची नावे लोकांच्या तोंडी आली त्यांपैकी एकाविरुद्धही पोलिसांनी पुरावा मांडलेला नाही आणि त्यांतली बहुतेक माणसे हयात आहेत. अभ्यासण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. पहिल्या दिवशी घटनास्थळ पाहून तपासकर्त्यांच्या मनात जो अंदाज बसला, त्याने पुढच्या सहा आठवड्यांत काय शोधले जाईल आणि काय शोधले जाणार नाही हे कितपत ठरवले, हा या प्रकरणाचा खरा प्रश्न आहे.

माणसे आणि त्यांचा व्यवसाय

बॅरी शर्मन हे अपोटेक्स या औषध कंपनीचे संस्थापक. अमेरिकेतल्या एमआयटीतून त्यांनी अभियांत्रिकीतली डॉक्टरेट मिळवली होती. विद्यार्थिदशेत ते मामांच्या औषधनिर्मितीच्या छोट्या कंपनीत काम करत असत. मामांच्या निधनानंतर १९६७ मध्ये त्यांनी ती कंपनी विकत घेतली, काही वर्षांनी विकली आणि १९७४ मध्ये अपोटेक्स उभी केली. ती वाढत वाढत जगभर सुमारे ११,००० लोकांना रोजगार देणारी जेनेरिक औषधांची कंपनी झाली आणि शर्मन यांची संपत्ती मृत्यूसमयी सुमारे ३ अब्ज अमेरिकी डॉलर एवढी मानली जात होती.

जेनेरिक औषधांचा धंदा म्हणजे निम्मा कारखाना आणि निम्मे न्यायालय. मूळ औषधाच्या पेटंटला आव्हान द्यायचे, ते टिकणार नाही अशी पैज लावून आपला माल बाजारात आणायचा आणि नंतर वर्षानुवर्षे खटले लढायचे, असा हा व्यवहार असतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या प्लाविक्स या औषधाची स्वस्त आवृत्ती अपोटेक्सने २००६ मध्ये पेटंटचा वाद सुटण्याआधीच अमेरिकेत उतरवली. ती खेळी उलटली आणि कंपनीला ४४ कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यावी लागली. त्याआधी, १९९० च्या दशकात, अपोटेक्सच्या डिफेरिप्रोन या औषधाच्या चाचण्यांत आढळलेल्या धोक्यांबद्दल डॉ. नॅन्सी ऑलिव्हिएरी यांनी रुग्णांना सावध करायचे ठरवले, तेव्हा कंपनीने त्यांच्यावर कायदेशीर कारवाईची धमकी दिली आणि तो वाद वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासक्रमांत जाऊन बसला. घरच्या आघाडीवरही खटला होता. ज्या मामांच्या कंपनीतून सुरुवात झाली, त्यांच्या मुलांनी अपोटेक्समध्ये आपला हिस्सा असल्याचा दावा केला होता आणि तो सप्टेंबर २०१७ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या तीन महिने आधी, न्यायालयाने फेटाळला होता.

हनी शर्मन यांचा जन्म युद्धोत्तर युरोपातल्या निर्वासितांच्या छावणीत झाला. त्यांचे आईवडील ज्यूंच्या संहारातून वाचलेले होते. टोरांटोतल्या रुग्णालयांना, वृद्धाश्रमांना आणि ज्यू समाजाच्या संस्थांना या दांपत्याने दिलेल्या देणग्या कोट्यवधी डॉलरच्या होत्या आणि त्या कामाचा बहुतेक भार हनी वाहत असत. २१ डिसेंबरला मिसिसॉगा येथे झालेल्या अंत्यविधीच्या सभेला हजारो लोक आले, त्यांत पंतप्रधान जस्टिन ट्रुडोही होते. एवढे सांगायचे कारण असे की, मृत व्यक्ती इतक्या ठळक असल्या की तपासावर दोन्ही बाजूंनी ताण येतो. प्रत्येक तास वृत्तपत्रांच्या नजरेखाली जातो, आणि हितसंबंध दुखावलेल्यांची यादी इतकी लांब असते की ती हाताशी असूनही तपासाला दिशा देत नाही.

पहिला अंदाज

दोघांना जिवंत पाहिल्याची शेवटची नोंद बुधवार, १३ डिसेंबरच्या संध्याकाळची आहे. त्या संध्याकाळी अपोटेक्सच्या कार्यालयात त्यांची नव्या घराच्या वास्तुरचनाकारांशी बैठक झाली. हनी तिथून आधी निघाल्या. बॅरी रात्री आठच्या सुमारास एक कामाचा ईमेल पाठवून मग घरी गेले. गुरुवार पूर्ण गेला आणि शुक्रवारी मृतदेह सापडले. म्हणजे घटना आणि तिचा शोध यांच्यात दीड दिवसाच्या आसपास अंतर होते, आणि तेही विक्रीला काढलेल्या, कामाची माणसे व दलाल यांची ये-जा असलेल्या घरात.

शुक्रवारी संध्याकाळी पोलिसांनी मृत्यू संशयास्पद असल्याचे सांगितले, परंतु त्याच रात्री डिटेक्टिव्ह ब्रँडन प्राइस यांनी पत्रकारांपुढे दोन गोष्टी जोडल्या : घरात जबरदस्तीने शिरल्याच्या खुणा नाहीत आणि पोलीस सध्या कोणा फरार संशयिताच्या शोधात नाहीत. ही दोन वाक्ये एकत्र वाचली की तिसरे आपोआप तयार होते. दुसऱ्याच दिवशी वृत्तपत्रांनी पोलिसांतील सूत्रांच्या हवाल्याने ते छापले, की पतीने पत्नीला मारून आत्महत्या केली, या शक्यतेवर तपास चालू आहे. शर्मन यांच्या चारही मुलांनी तत्काळ निवेदन काढून ही शक्यता फेटाळली आणि पोलिसांच्या तोंडून असे पसरणे बेजबाबदारपणाचे असल्याचे म्हटले.

१७ डिसेंबरला शवविच्छेदनाचा निष्कर्ष जाहीर झाला : दोघांचाही मृत्यू गळा आवळला गेल्याने झाला. हे वाक्य जितके सांगते त्याहून जास्त झाकते. न्यायवैद्यकात मृत्यूचे कारण आणि मृत्यूचा प्रकार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गळ्यावर दाब येऊन प्राणवायू आणि रक्तपुरवठा तुटला, हे झाले कारण. तो दाब स्वतःच्या शरीराच्या भाराने आला की दुसऱ्याच्या हाताने, यावर प्रकार ठरतो. ओंटारिओ प्रांतात मृत्यूचे प्रकार पाच धरले जातात : नैसर्गिक, अपघाती, आत्महत्या, परहस्ते आणि अनिर्णीत. गळफासासाठी देह अधांतरी लटकावा लागत नाही; बसल्या किंवा गुडघे टेकलेल्या अवस्थेतही केवळ डोक्याचा व धडाचा भार पुरतो, हे आपल्याकडच्या शवागारांत काम केलेला कोणीही डॉक्टर सांगेल. त्यामुळे बुटका कठडा आणि बसलेले देह यांवरून आत्महत्येची शक्यता फेटाळता येत नव्हती, तशी ती सिद्धही होत नव्हती. महाराष्ट्रात अशा वेळी ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते. त्या नोंदीचा व्यवहारात पुष्कळदा दुरुपयोग होतो हे खरे, पण निदान कागदावर तरी तिच्यात प्रकाराचा प्रश्न मोकळा राहतो. टोरांटोत तो कागदावर मोकळा होता आणि बोलण्यात मिटलेला.

प्रकरणात आत्महत्येच्या अंदाजाला छेद देणाऱ्या खुणा पहिल्यापासून होत्या. चिठ्ठी नव्हती. दोघे काही दिवसांत फ्लोरिडाला सुटीवर जाणार होते. नवे घर बांधायचे ठरत होते आणि त्याचीच चर्चा करून दोघे त्या रात्री घरी परतले होते. अर्थात मनाच्या आतले बाहेरच्या बेतांवरून ओळखू येत नाही, म्हणून या गोष्टींना मी फार वजन देणार नाही. वजन आहे ते देहांच्या अवस्थेला. अंगावरची जाकिटे खांद्यांवरून मागे, कोपरांपर्यंत ओढलेली होती, म्हणजे हात हलवणे अवघड व्हावे अशी, आणि हे पतीच्याही बाबतीत होते. आपल्याच हाताने मरणारा माणूस आपलेच हात आधी जखडून ठेवील, हे पटवायला बरेच कष्ट पडतात.

दुसरे शवविच्छेदन

कुटुंबाने टोरांटोतील नामवंत फौजदारी वकील ब्रायन ग्रीनस्पॅन यांना नेमले आणि त्यांनी निवृत्त खून-तपास अधिकाऱ्यांचे एक खासगी पथक उभे केले. दफनविधीपूर्वी, एकदा पाहिलेले देह पुन्हा तपासण्यासाठी ओंटारिओचे माजी प्रमुख न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. डेव्हिड चियासन यांना बोलावण्यात आले. मनगटांवर बांधल्याच्या खुणा होत्या, पण बांधण्यासाठी वापरलेली दोरी किंवा पट्टी घरात सापडली नव्हती, ही या दुसऱ्या तपासणीच्या आधारे पुढे आलेली सर्वांत महत्त्वाची बाब. बांधले असेल आणि बंध नाहीसे झाले असतील, तर ते कोणीतरी सोडवून नेले, आणि नेणारा जिवंत होता.

या निष्कर्षांविषयी पोलिसांची डॉ. चियासन यांच्याशी भेट जानेवारीच्या अखेरीस झाली. त्यानंतर लगेच, २६ जानेवारी २०१८ रोजी, तपासप्रमुख डिटेक्टिव्ह सार्जंट सुझन गोम्स यांनी पत्रकार परिषद घेऊन जाहीर केले की हा दुहेरी खून आहे आणि दोघांना हेरून लक्ष्य करण्यात आले आहे. सहा आठवड्यांच्या पुराव्यांचा एकत्रित विचार करून हा निष्कर्ष निघाल्याचे त्यांनी सांगितले. शंभराहून अधिक जबाब आणि सुमारे २,००० तासांचे सीसीटीव्ही चित्रण जमवल्याची माहितीही त्यांनी दिली. पोलिसांच्या बाजूने हे नोंदवले पाहिजे की, पतीने पत्नीला मारल्याचा अंदाज मनात असतानाही त्यांनी घर ताब्यात ठेवले होते, तिथली गटारेसुद्धा तपासली होती आणि खून-तपास पथकाकडे प्रकरण तिसऱ्या दिवशीच गेले होते. म्हणजे सहा आठवडे कोणी हातावर हात धरून बसले नव्हते.

तरीही नुकसान झाले, असे माझे मत आहे, आणि ते कुठे झाले हे नेमके पाहायला हवे. जो तपास घरातल्या दोघांपुरता मर्यादित असल्याची शंका मनात धरून चालतो, त्यात घरातल्या वस्तू, औषधांचे कपाट, संगणक, नातेसंबंध यांना प्राधान्य मिळते. दारे-खिडक्यांच्या कुलपांची बारीक तपासणी, घराच्या किल्ल्या कोणाकोणाकडे होत्या याची यादी, शेजारच्या घरांतले आपोआप पुसले जाणारे चित्रण, त्या दोन दिवसांत घरात येऊन गेलेल्या प्रत्येकाच्या ठशांचे नमुने यांची निकड तेवढी भासत नाही. शिवाय आता फारसा धोका नाही असा संदेश सार्वजनिकपणे गेल्यावर त्या आठवड्यात रस्त्यावर काही विचित्र पाहिलेला शेजारी पोलिसांना फोन करत नाही. बुधवारी रात्री बर्फात चालणारा अनोळखी माणूस शनिवारी नीट आठवतो. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तो कोणत्या रात्री दिसला हे सांगता येत नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ग्रीनस्पॅन यांनी हेच आरोप जाहीरपणे केले. घरात शिरण्याच्या संभाव्य वाटा नीट तपासल्या नाहीत, देहांची मांडणी बनाव असल्याचे ओळखले नाही, किमान २५ ठसे पोलिसांच्या नजरेतून सुटले आणि ते खासगी पथकाला मिळाले, अशी त्यांची यादी होती. त्याच वेळी कुटुंबाने १ कोटी डॉलरचे बक्षीस जाहीर केले आणि माहिती देण्यासाठी स्वतंत्र फोन क्रमांक दिला. पोलीसप्रमुख मार्क सॉन्डर्स यांनी आपल्या पथकाच्या कामाचे समर्थन केले. ग्रीनस्पॅन हे कुटुंबाचे वकील होते, त्यामुळे त्यांचे शब्द तटस्थ परीक्षकाचे म्हणून वाचता येणार नाहीत. सुटलेल्या ठशांपैकी किती निरुपद्रवी होते, हे त्यांनी सांगितले नाही आणि विक्रीला काढलेल्या घरात बरेचसे तसे असणारच.

या समांतर तपासाबद्दल कौतुकाने बोलण्याची पद्धत आहे. दुसऱ्या शवविच्छेदनापुरते ते योग्यच आहे. ते झाले नसते तर हा खून आहे हे मान्य व्हायला आणखी किती वेळ लागला असता कोण जाणे. पण पुढे दोन पथके, दोन फोन क्रमांक आणि दोन दप्तरे झाली. माहिती देणाऱ्याने कुणाकडे जायचे, आणि खासगी पथकाने आधी भेटलेल्या साक्षीदाराचा जबाब न्यायालयात कितपत टिकायचा, हे प्रश्न तयार झाले. २०१९ च्या डिसेंबरात खासगी तपास थांबवून माहितीचे काम पोलिसांकडे सोपवण्यात आले. अशी दुसरी बाजू उभी करण्याची ऐपत अब्जाधीशाच्या कुटुंबाकडे होती. एखाद्या सामान्य घरातल्या जोडप्याच्या बाबतीत पहिला अंदाज बहुधा शेवटचा ठरला असता, हे या प्रकरणाबद्दल पुरेसे बोलले जात नाही.

मोहोरबंद कागद

मृत्यूनंतर वारसा आणि मृत्युपत्राचे कागद न्यायालयात दाखल झाले, तेव्हा विश्वस्तांनी ते गोपनीय ठेवण्याची विनंती केली. खुनी मोकळा आहे, कागदांतून वारसांची नावे उघड झाली तर त्यांच्या जिवाला धोका संभवतो, शिवाय शोकग्रस्त कुटुंबाला खासगीपणा हवा, अशी त्यांची बाजू होती. २०१८ मध्ये कागद मोहोरबंद झाले. टोरांटो स्टार या दैनिकाचे शोधपत्रकार केव्हिन डोनोव्हन यांनी त्याविरुद्ध दाद मागितली, अपील न्यायालयाने २०१९ मध्ये मोहोर काढण्याचा आदेश दिला आणि ११ जून २०२१ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायम केला. न्या. निकोलस कॅसिरर यांनी लिहिलेला हा निकाल आता कॅनडात कायम उद्धृत केला जातो. न्यायालयीन कामकाज खुले असणे हा नियम आहे. तो मोडायचा तर महत्त्वाच्या सार्वजनिक हिताला गंभीर धोका आहे, दुसरा वाजवी उपाय नाही आणि गोपनीयतेचा लाभ तिच्या तोट्याहून मोठा आहे, हे तिन्ही दाखवावे लागते. माणसाच्या प्रतिष्ठेच्या गाभ्याला धक्का लागत असेल तर खासगीपणा हे असे हित ठरू शकते, हे न्यायालयाने मान्य केले, मात्र वारसांची नावे आणि मालमत्ता त्या गाभ्यात बसत नाहीत असे म्हटले. जिवाच्या धोक्याबद्दल न्यायालयाचे म्हणणे असे होते की खून झाला एवढ्यावरून वारसांवर हल्ला होईल हा तर्क अंदाजाच्या पातळीवर राहतो.

पोलिसांच्या झडती-परवान्यांसाठीची प्रतिज्ञापत्रे हा वेगळा लढा होता आणि तोही डोनोव्हन यांनीच चालवला. त्यांतले उतारे वर्षानुवर्षांनी, बरेचसे काळे फासून, थोडे थोडे खुले होत गेले. पहिल्या आठवड्यांत पतीने पत्नीला मारल्याचा विचार तपासकर्त्यांच्या कामाच्या केंद्रस्थानी होता, हे वृत्तपत्रांतल्या सूत्रांवरून नव्हे तर पोलिसांच्याच लिखाणातून समजले ते या मार्गाने.

चालणारा माणूस

१४ डिसेंबर २०२१ रोजी, घटनेला चार वर्षे होत असताना, पोलिसांनी एका चित्रणाचा तुकडा प्रसिद्ध केला. त्यात शर्मन यांच्या घराच्या परिसरात त्या रात्री पायी चालणारी एक आकृती दिसते. पदपथावर बर्फ आहे, चेहरा ओळखू येत नाही. उंची ५ फूट ६ इंच ते ५ फूट ९ इंच असावी आणि चालताना पाऊल मागच्या बाजूला काहीसे उडवण्याची लकब आहे, एवढेच वर्णन देता आले. परिसरातल्या चित्रणांत दिसलेल्या इतर सर्वांची ओळख पटली, हा एकच उरला आणि त्याच्या हालचालींच्या वेळा खुनाच्या अंदाजित वेळेशी जुळतात, म्हणून पोलीस त्याला संशयित मानतात, असे सांगण्यात आले. सांगणारे अधिकारी होते ब्रँडन प्राइस, पहिल्या रात्री फरार संशयित शोधत नसल्याचे सांगणारे तेच. योगायोग बोचरा असला तरी त्यात व्यक्तिशः दोष शोधण्यात हशील नाही. पहिल्या रात्री ते पथकाचेच म्हणणे बोलत होते.

चित्रण चार वर्षे दाबून का ठेवले, या प्रश्नाला पोलिसांचे उत्तर असे की आधी इतर मार्गांनी ओळख पटवण्याचे प्रयत्न संपवायचे होते. अशा उत्तरात तथ्य असू शकते, कारण संशयिताला आपण दिसलो आहोत हे कळू न देण्यात फायदा असतो. पण चालण्याची लकब ओळखणारे लोक म्हणजे त्या माणसाचे सहकारी, शेजारी, नातलग, आणि त्यांची स्मृती चार वर्षांत पातळ होते. माझ्या मते हे चित्रण उशिरात उशिरा २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत लोकांसमोर यायला हवे होते.

बक्षिसाची रक्कम डिसेंबर २०२२ मध्ये शर्मन यांच्या मुलाने आपल्याकडून अडीच कोटींची भर घालून साडेतीन कोटी डॉलरवर नेली आणि ती कोणीही मागायला आलेले नाही. एवढ्या रकमेने गुन्ह्यातल्या एखाद्या साथीदाराची जीभ सैल व्हावी, हा तिच्यामागचा हिशेब उघड आहे. ती अजून सैल झालेली नाही, याचा अर्थ खुनात सामील असलेले फार थोडे असावेत, किंवा बोलण्याची किंमत त्यांना याहून मोठी वाटत असावी. बंगला मे २०१९ मध्ये पाडण्यात आला आणि अपोटेक्स पुढे एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीने विकत घेतली. आता ज्या काही चाचण्या होतील त्या डिसेंबर २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्ये गोळा केलेल्या नमुन्यांवरच, कारण नव्याने तपासायला ते तळघर उरलेले नाही.